सुझदल: दोन रात्रींच्या मुक्कामाची सविस्तर आखणी

सुझदलला रेल्वे नाही. १८६१ मध्ये मॉस्कोहून आलेला लोहमार्ग व्लादिमीरला पोचला, तिथून निझ्नी नोव्हगोरोदकडे गेला आणि व्लादिमीरच्या उत्तरेला पाऊण तासावर असलेलं हे गाव बाजूला राहिलं. रूळ नाहीत म्हणून मोठे कारखाने नाहीत आणि कारखाने नाहीत म्हणून उंच इमारती नाहीत. आज दहा हजारांच्या आसपास वस्ती, मधून वाहणारी कामेंका ही चिमुकली नदी, पाच मठ, पावलापावलावर देवळं आणि उरलेल्या जागेत गवताची कुरणं असा या गावाचा सगळा पसारा आहे. बहुतेक लोक मॉस्कोहून सकाळी येतात आणि दिवसाउजेडीच परततात. मी दोनदा गेले, एकदा फेब्रुवारीत एकटी आणि एकदा सप्टेंबरच्या अखेरीस आईला घेऊन. दोन्ही वेळच्या अनुभवावरून सांगते, इथे दोन रात्री राहा. पर्यटकांच्या बस गेल्यावर आणि सकाळी त्या परत येण्याआधी जे सुझदल असतं, त्यासाठीच इतक्या लांब यायचं.

खाली सगळं क्रमानं लिहिलं आहे. व्हिसा आणि पैशांचा भाग कंटाळवाणा वाटला तरी वगळू नका, कारण तिथे चूक झाली तर पुढचं सगळं अडतं.

व्हिसा आणि कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर रशियाचा ई-व्हिसा मिळतो. ही सोय ऑगस्ट २०२३ पासून आहे. अर्ज रशियाच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर थेट भरायचा. मध्ये एजंटची गरज नाही, आणि हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या खासगी संकेतस्थळांवर जास्तीचे पैसे घालवू नका. पासपोर्टच्या पानाचं स्कॅन, फोटो आणि रशियात चालणारा वैद्यकीय विमा एवढं तयार ठेवा. व्हिसा साधारण चार दिवसांत येतो. सुरुवातीला या व्हिसावर १६ दिवस राहता यायचं, ऑगस्ट २०२५ पासून ३० दिवस राहता येतं. पोचल्याचा दिवस पहिला दिवस म्हणून मोजतात, तेव्हा परतीचं तिकीट अगदी काठावर ठेवू नका.

आपल्याकडच्या लोकांची हमखास चूक होते ती मधल्या नावात. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव 'गिव्हन नेम'मध्ये असतं आणि अर्ज भरताना सवयीनं आपण ते गाळतो. तसं करू नका. पासपोर्टवर जे आहे, ज्या क्रमानं आहे, ते अक्षर न् अक्षर तसंच भरा. पुढे रेल्वेचं तिकीट काढतानाही हाच नियम.

विमानतळावर शिक्का मारताना एक छापील कागद देतात, ते मायग्रेशन कार्ड. परत जाताना ते द्यावं लागतं, म्हणून पासपोर्टच्या आतच ठेवा. मुक्कामाच्या ठिकाणी तुमची नोंदणी व्हावी लागते, तिला तिथे 'रेगिस्त्रात्सिया' म्हणतात. हॉटेलवाले ती आपणहून करतात. छोट्या घरगुती मुक्कामांत मात्र आधी विचारून घ्या. पहिल्या खेपेला मी एका घरी खोली ठरवली होती. दारात पोचल्यावर मालकीणबाई म्हणाल्या की त्या परदेशी माणसांची नोंदणी करत नाहीत. उणे १८ तापमानात बॅग ओढत दुसरी जागा शोधताना काय झालं ते मलाच ठाऊक.

परिस्थितीबद्दलही स्पष्ट लिहायला हवं. युद्ध चालू आहे. ड्रोनमुळे मॉस्कोचे विमानतळ अधूनमधून काही तास बंद होतात, मोबाइल इंटरनेटही मधूनच तोडलं जातं. निघण्याआधी भारतीय दूतावासाच्या सूचना वाचा, परतीच्या विमानाआधी मॉस्कोत एक रात्र हाताशी ठेवा आणि सैनिक, लष्करी वाहनं, रेल्वेचे पूल यांचे फोटो काढू नका.

पैसा आणि फोन

भारतात काढलेली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं रशियात चालत नाहीत. मार्च २०२२ पासून चालत नाहीत, आणि ना दुकानात ना एटीएममध्ये. म्हणजे सगळा खर्च रोखीत. डॉलर किंवा युरोच्या कोऱ्या नोटा न्या. घडी पडलेल्या, शाई लागलेल्या नोटा बँका परत करतात. रुपये नेऊन उपयोग नाही. मॉस्कोत किंवा व्लादिमीरला बँकेत पैसे बदला आणि सुझदलला पुरतील एवढे रुबल घेऊनच पुढे निघा. घरगुती खाणावळी, टॅक्सी, बाजारातल्या आज्या यांच्यासाठी सुट्टे जवळ असू द्या.

२०२५ पासून परदेशी माणसाला सिमकार्ड घेताना बायोमेट्रिक नोंद वगैरे सोपस्कार करावे लागतात. चार दिवसांच्या प्रवाशानं त्या नादाला लागू नये. भारतातून रोमिंग घ्या, पण तेही पहिल्या दिवशी चालेलच असं धरून चालू नका. यांडेक्स या रशियन कंपनीचा नकाशा आणि भाषांतराचं अ‍ॅप निघण्याआधीच ऑफलाइन उतरवून ठेवा. मुक्कामाचा पत्ता रशियन लिपीत कागदावर लिहून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल तिथे नीट लागत नाहीत, तसं घरच्यांना आधीच सांगून ठेवा म्हणजे ती काळजी करणार नाहीत.

अर्ध्या तासात लिपी

या प्रवासात मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो रशियन अक्षरं ओळखता येण्याचा. गोव्यात मोरजीला गेला असाल तर हॉटेलांच्या रशियन पाट्या पाहिल्या असतील. त्यातली बरीच अक्षरं इंग्रजीसारखी दिसतात आणि तिथेच आपण फसतो. इंग्रजी 'पी'सारखं दिसतं तो 'र', 'सी'सारखं तो 'स', 'एच'सारखं तो 'न', 'बी'सारखं तो 'व', 'वाय'सारखं तो 'उ'. एवढ्या पाच ओळखीवर निम्म्या पाट्या वाचता येतात. पहिल्यांदा 'पेक्टोपॅह' असं काहीतरी वाटणारी पाटी 'रेस्तोरान' आहे हे उमगतं तेव्हा हायसं वाटतं, आणि भूक लागलेली असेल तर जास्तच.

बोलायला थोडे शब्द पुरतात. 'झ्द्रास्त्वुयत्ये' म्हणजे नमस्कार, 'स्पासीबा' म्हणजे धन्यवाद, 'स्कोल्का स्तोइत' म्हणजे केवढ्याला, 'ग्द्ये' म्हणजे कुठे. दुकानात शिरताना नमस्काराचा तो अवघड शब्द कसाबसा उच्चारलात तरी समोरच्याचा चेहरा लगेच मऊ होतो.

पोचायचं कसं

दिल्लीहून मॉस्कोला थेट विमानं आहेत. मुंबई-पुण्याकडून जाणारे बहुतेक जण आखाती शहरांतून जातात. मॉस्कोला उतरल्या दिवशीच सुझदलला जाऊ नका. रात्र मॉस्कोत काढा आणि सकाळची रेल्वे पकडा.

व्लादिमीरची जलद गाडी 'लास्तोच्का'. नावाचा अर्थ पाकोळी. पावणेदोन-दोन तासांत पोचवते. गाड्या कुर्स्की स्थानकावरून सुटतात, पण काही गाड्या वोस्तोच्नी या दुसऱ्याच स्थानकावरून सुटतात. दोन्ही स्थानकं मेट्रोनं जोडलेली असली तरी एकमेकांपासून लांब आहेत, तेव्हा तिकिटावर स्थानकाचं नाव वाचल्याशिवाय हॉटेलबाहेर पडू नका. आपलं कार्ड चालत नसल्यानं तिकीट स्थानकाच्या खिडकीवर, पासपोर्ट दाखवून, रोखीनं काढायचं. येण्याचं आणि परतीचं एकदमच काढा. शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी परतीला गर्दी असते. मॉस्कोहून सुझदलला थेट बसही आहे, पण तिला चार-पाच तास लागतात आणि शहराबाहेर पडतानाच वाहनांच्या रांगेत जीव कंटाळतो.

व्लादिमीर स्थानकाबाहेर आलात की समोरच बसस्थानक आहे. तिथून सुझदलची १५९ क्रमांकाची बस पाऊण तासाच्या आसपास घेते. दिवसभर बस असतात, पण शेवटच्या बसची वेळ फलकावर बघून ठेवा. आता लक्षात ठेवायची गोष्ट: सुझदलचं बसस्थानक गावाच्या कडेला आहे, मध्यवर्ती चौकापासून साधारण दोन किलोमीटरवर. बस पुढे 'त्सेंत्र'पर्यंत जाते का, हे चालकाला विचारा. जात नसेल आणि सामान हलकं असेल तर वासिल्येव्स्काया रस्त्यानं सरळ चालत निघा, पंचवीस-तीस मिनिटांत चौकात पोचाल. आई बरोबर होती तेव्हा आम्ही व्लादिमीरहून टॅक्सीच केली. तिघंचौघं असाल आणि कुणाचे गुडघे दुखत असतील तर टॅक्सीच बरी.

कधी जावं

माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. बर्चची पानं पिवळी झालेली असतात, हवा कोरडी असते आणि सकाळी कामेंकेवर धुकं उतरतं. जून-जुलैत संध्याकाळ संपता संपत नाही, रात्री नऊ-दहापर्यंत उजेड असतो. पण मग नदीकाठी डास असतात, आणि मे-जूनमध्ये उंच गवतात गोचिडी. तेव्हा कुरणात चालताना पायमोजे विजारीवर ओढून घ्या. जुलैत इथे काकड्यांचा उत्सव होतो, तोही गेली वीसहून अधिक वर्षं. त्या आठवड्यात खोल्या खूप आधी भरतात. एप्रिलमध्ये बर्फ वितळून चिखल होतो, तेव्हा पहिल्यांदा येणाऱ्यानं येऊ नये.

हिवाळा अवघड असतो, पण मला तो फार आवडला. जानेवारी-फेब्रुवारीत सरासरी तापमान उणे दहाच्या आसपास आणि एखाद्या रात्री उणे वीसच्याही खाली. डिसेंबरात उजेड जेमतेम सात तास. लोकरीचे आतले कपडे, कान झाकणारी टोपी आणि जाड तळव्याचे बूट नसतील तर जाऊ नका. आपल्याकडचे स्पोर्ट्स शूज बर्फावर दहा पावलांत घसरतात. १ ते ८ जानेवारी ही रशियाची सुट्टी, तेवढी टाळा. अर्धं मॉस्को इथे आलेलं असतं.

आठवड्याचा वार बघून यायचं. वस्तुसंग्रहालयांना आठवड्याची सुट्टी असते, ती बहुधा सोमवारी किंवा मंगळवारी, आणि प्रत्येक ठिकाणची वेगळी. शिवाय महिन्याच्या शेवटी एक दिवस स्वच्छतेसाठी बंद असतो, त्याला 'सानितार्नी द्येन' म्हणतात. बुधवार ते शुक्रवार हा मुक्काम सगळ्यात सोयीचा, फक्त महिन्याचा शेवटचा शुक्रवार सोडून.

पहिला दिवस: चौक, क्रेम्लिन, कुरण

दुपारपर्यंत पोचाल. सामान टाका आणि तोर्गोवाया चौकात या. लांबच लांब कमानींची पांढरी इमारत दिसते ती व्यापाऱ्यांची जुनी पेठ, १८०६ ते १८११ मध्ये बांधलेली. तिच्या आसपास गावातल्या आज्या बादल्या घेऊन बसतात. बादलीत मिठाच्या पाण्यातल्या काकड्या, वर शेपूच्या काड्या आणि ब्लॅककरंटच्या झुडपाची पानं. एका आजीनं काट्यानं एक काकडी टोचून वर काढली, पाणी निथळू दिलं आणि आईच्या हातात दिली. आईनं चावा घेतला आणि म्हणाली, "अगं, ही तर खारातली कैरीच, फक्त आंबटपणा कमी." ही दोन-चार दिवसच मुरलेली काकडी म्हणजे 'मालासोल्नी'. जास्त मुरलेली 'सल्योनी', ती चांगलीच खारट असते. पहिलीच मागा.

तिथून दक्षिणेला पाच-दहा मिनिटांवर क्रेम्लिन. क्रेम्लिन म्हणजे गढी. इथे दगडी तट नाहीत, मातीचे बांध आहेत. गवत माजलेल्या त्या बांधांवरून चालता येतं. आत निळ्या घुमटांवर सोनेरी चांदण्या लावलेलं मारियाच्या जन्माचं कॅथेड्रल आहे. खालचा भाग १२२२ ते १२२५ चा पांढऱ्या दगडाचा आणि वरचा सोळाव्या शतकातला विटांचा. जवळ गेलात की दोन्ही काळांचा सांधा डोळ्यांना दिसतो, कोरीव दगडाचा पट्टा संपतो आणि साधी भिंत सुरू होते.

या देवळात दोन सोन्याचे दरवाजे आहेत, पश्चिमेचा आणि दक्षिणेचा. तेराव्या शतकातले. त्यांच्यासमोर घाई करू नका. तांब्याचे पत्रे काळ्या लेपानं झाकायचे, त्यावर सुईनं चित्र ओरखडायचं, उघड्या पडलेल्या रेषांत पाऱ्यात कालवलेलं सोनं भरायचं आणि तापवायचं. पारा उडून जातो आणि सोनं तांब्याला धरून बसतं. म्हणजे काळ्यावर सोन्याच्या रेघांनी काढलेली चित्रं. त्या कारागिरांच्या छातीत किती पारा गेला असेल, हा विचार माझ्या मनातून जात नव्हता. पश्चिमेच्या दारावर ख्रिस्ताच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. खालून वर न बघता एकेक चौकट डावीकडून उजवीकडे वाचा.

आणि एक इशारा. पावसाळी, दमट हवेत हे कॅथेड्रल लोकांसाठी बंद ठेवतात, कारण माणसांच्या श्वासानं आणि ओल्या कपड्यांनी भिंतींवरची चित्रं खराब होतात. म्हणून पहिल्या दुपारी ऊन असेल तर आधी इथेच या. तिकीट काढताना सगळ्या दालनांचं एकत्र 'येदीनी बिल्येत' मागा.

आवारात लाकडाचं एक छोटं देऊळ आहे, संत निकोलसचं, १७६६ चं. मूळ ग्लोतोवो गावातलं, १९६० मध्ये उचलून इथे आणलं.

सुझदलची देवळं जोडीनं का उभी असतात हेही इथेच कळतं. एक उंच, पाच घुमटांचं, आणि शेजारी एक बुटकं, साधं. उंच देऊळ उन्हाळ्याचं. हिवाळ्यात ते तापवणं परवडायचं नाही, म्हणून शेजारी जाड भिंतींचं, चुलीनं ऊब धरणारं छोटं देऊळ बांधत. एकदा हे कळलं की गावभर या जोड्या ओळखण्याचा छंदच लागतो. आईनं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मोजून ठेवल्या होत्या.

संध्याकाळी नदी ओलांडून इल्यिन्स्की कुरणात जा. मधोमध पायवाट आहे आणि समोर नदीपलीकडे क्रेम्लिनचे निळे घुमट. सहा वाजले की बस निघून जातात, चौकातला गलका थांबतो. कुठेतरी कुत्रं भुंकतं, लाकडाच्या धुराचा वास येतो. आम्ही तिथे तासभर नुसतं बसून होतो.

दुसरा दिवस: दोन मठ

सकाळी लेनिन रस्त्यानं उत्तरेकडे निघा. क्रेम्लिनपासून स्पासो-येव्फिमियेव मठापर्यंत साधारण दोन किलोमीटर. रस्त्याची दोन्ही बाजूंची लाकडी घरं बघत चाला. खिडक्यांच्या चौकटी म्हणजे 'नालिच्निकी', लेससारख्या कोरलेल्या, प्रत्येक घराच्या वेगळ्या. वाटेत ७२ मीटर उंचीचा घंटाघराचा मनोरा दिसेल, तो गावातला सर्वांत उंच. हरवलात तर त्याच्याकडे बघून दिशा धरा.

स्पासो-येव्फिमियेव मठ १३५२ मध्ये स्थापन झाला. लाल विटांचा किलोमीटरभराहून लांब तट आणि १२ बुरूज. आत अर्धा दिवस सहज जातो. मुख्य देवळातली भित्तिचित्रं कोस्त्रोमाच्या गुरी निकितिनच्या चमूनं १६८९ मध्ये रंगवली. छतापर्यंत एक वीतही मोकळी नाही. देवळालगतच द्मित्री पोझार्स्कीची समाधी आहे. १६१२ मध्ये मॉस्कोतून पोलिश फौज हुसकावणाऱ्या सेनेचा हा सरदार. समाधीची जुनी इमारत सोव्हिएत काळात, १९३३ मध्ये पाडली आणि २००९ मध्ये पुन्हा उभारली.

मठाची दुसरी बाजू काळी आहे. १७६६ मध्ये कॅथरीन राणीच्या हुकमानं इथे तुरुंग सुरू झाला. सुरुवातीला 'वेडे' ठरवलेल्यांसाठी, मग धर्मद्रोही आणि राजकीय कैद्यांसाठी. स्टालिनग्राडला शरण आलेला जर्मन फील्ड मार्शल पाउलुस १९४३ मध्ये काही काळ इथेच होता. कोठड्या आता बघता येतात. बुटक्या दारातून वाकून आत जावं लागतं. पाच मिनिटं आत उभं राहिलं की बाहेरच्या बागेतली फुलं जास्तच रंगीत दिसतात.

पण या मठात यायचं ते घंटांसाठी. दिवसातून ठरावीक वेळी छोटा घंटानाद होतो. तिकीट काढतानाच वेळा विचारून घ्या आणि दहा मिनिटं आधी घंटाघरासमोरच्या हिरवळीवर थांबा. खालून नीट बघा: वादकाच्या दोन्ही हातांत बारीक दोऱ्यांचे जुडगे असतात, छोट्या घंटा त्यांनी वाजतात, आणि मोठ्या घंटेची दोरी पायाखालच्या फळीला बांधलेली असते. इथे घंटा हलत नाही, तिचा लोळा हलतो. म्हणून सूर नाही, ताल ऐकू येतो. आधी मोठीचा एकेक ठोका, मग मधल्या, मग वरच्या किणकिणाऱ्या, आणि शेवटी सगळ्या एकदम. आई म्हणाली, "हा तर झांजा आणि ढोलाचा मेळ." मला ते तंतोतंत पटलं. फोन खिशात ठेवून ऐका, चित्रीकरण दुसऱ्या वेळच्या नादाचं करा.

बाहेर पडल्यावर तटाला वळसा घालून मागच्या बाजूला या. उंच कडा, खाली कामेंकेचं वळण आणि पलीकडे पांढराशुभ्र पोक्रोव्स्की मठ. पायऱ्या आणि पायवाट उतरून पूल ओलांडला की त्या मठात पोचता. उतार ओला असेल तर घसरतो. वयस्कर माणसांनी रस्त्यानं वळून जावं.

पोक्रोव्स्की १३६४ पासूनचा, बायकांचा मठ. नको झालेल्या राण्या इथे पाठवत. मॉस्कोचा राजा तिसरा वासिली यानं या मठाच्या देवळासाठी स्वतः पैसा दिला होता. पुढे मूल होत नाही म्हणून आपली बायको सोलोमोनिया हिला १५२५ मध्ये जबरदस्तीनं जोगीण केलं आणि नंतर ती इथेच आली. त्याच्या दुसऱ्या बायकोचा मुलगा म्हणजे इव्हान द टेरिबल. १६९८ मध्ये पीटर द ग्रेटनं आपली पहिली बायको येव्दोकिया हिला इथेच धाडली. आज इथे पुन्हा जोगिणी राहतात. हे संग्रहालय नव्हे, चालता मठ आहे, तेव्हा आवाज खाली ठेवा. बायकांनी डोकं झाकावं आणि घोट्यापर्यंतचा परकर घालावा. आपली ओढणी आणि सलवार-कमीज यावर कुणी हरकत घेत नाही. पुरुषांनी टोपी काढावी. देवळात बसायला खुर्च्या नसतात, सगळे उभे राहून प्रार्थना करतात. गुडघे दुखणाऱ्यांसाठी भिंतीलगत एखादं बाकडं मिळतं. फोटोआधी विचारा.

शाकाहारी माणसानं काय खावं

मराठी शाकाहारी मंडळींना रशियाची भीती वाटते. एक शब्द पाठ करा: 'पोस्तनोये'. ऑर्थोडॉक्स लोकांचे उपास मोठे असतात, ईस्टरआधीचा तर सात आठवड्यांचा. त्या काळात मांस, दूध, अंडी वर्ज्य. उपासाचं जेवण ते पोस्तनोये. अनेक खाणावळींत ही यादी वेगळी मिळते. मासा मात्र कधीकधी चालतो, म्हणून 'बेझ रीबी' जोडा. एरवी 'बेझ म्यासा, बेझ कुरित्सी, बेझ रीबी', म्हणजे मांस, कोंबडी, मासा नको. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर कोंबडी येऊ शकते. बोर्श्च दिसायला बिटाचं सूप, पण बहुतेकदा गोमांसाच्या रश्शावर केलेलं, तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नका.

बिनधास्त मागवण्यासारखं: बटाट्याचे किंवा चेरीचे 'वारेनिकी' (आपल्या उकडीच्या करंज्याच), कोबीचे 'पिरोझ्की' (सारण भरलेले छोटे पाव), मशरूम घातलेला 'ग्रेच्का' म्हणजे कुट्टू, मध आणि 'स्मेताना' म्हणजे आंबट साय लावलेले 'ब्लिनी' (पातळ धिरडी). ब्लिनीत अंडं असतं. मुलांना मातीच्या मडक्यात शिजवलेले बटाटे फार आवडतात.

'मेदोवुखा' हे इथलं खास पेय, मध आंबवून केलेलं. गोड लागतं म्हणून पाण्यासारखं पिऊ नका, त्यात मद्यार्क असतो. चौकातल्या पेठेत छोट्या पेल्यांतून चवी घ्यायला मिळतात. 'बेझ अल्कोगोल्या' म्हणालात तर मद्य नसलेली मेदोवुखाही असते. थंडीत त्यापेक्षा 'स्बित्येन' घ्या. मध, लवंग, दालचिनी, आलं घातलेला गरम काढा, घशाला आपल्या घरच्यासारखा वाटतो.

तिसरा दिवस: लाकडी गाव, किदेक्शा, परतीची वाट

सकाळी लाकडी वास्तुकलेचं संग्रहालय. क्रेम्लिनच्या पलीकडे नदीवरच्या पादचारी पुलावरून पंधरा मिनिटं. आसपासच्या खेड्यांतून उचलून आणलेली घरं, विहिरी, पवनचक्क्या आणि दोन देवळं इथे उभी आहेत. १७५६ चं देऊळ कोझ्ल्यात्येवो गावाचं आणि १७७६ चं पाताकिनोचं. घुमटांवर अ‍ॅस्पेन लाकडाची खवल्यासारखी कापलेली पानं बसवलेली असतात. ताजी असताना पिवळी, ऊनपावसात राखाडी होतात आणि ढगाळ दिवशी चक्क चांदीसारखी दिसतात. शेतकऱ्याच्या घरात शिरलात तर प्रचंड मोठी मातीची चूल बघा. तिच्यावर झोपायची जागा असते. घरातली म्हातारी माणसं तिथेच झोपत.

मग टॅक्सीनं किंवा उन्हाळ्यात सायकलीनं किदेक्शा, चार-पाच किलोमीटर. कामेंका नेर्ल नदीला मिळते तिथल्या उंचवट्यावर बोरिस आणि ग्लेब यांचं पांढऱ्या दगडाचं देऊळ आहे, १९९२ पासून युनेस्कोच्या यादीत असलेलं. ते भव्य नाही. साधं, ठेंगणं, पण ११५२ चं. मॉस्कोचा संस्थापक म्हणून ओळखला जाणारा युरी दोल्गोरुकी यानं ते बांधलं. शेजारचा घंटेचा मनोरा एका बाजूला कललेला आहे. इथे पर्यटक क्वचितच असतात.

परतीची रेल्वे संध्याकाळची असेल तर व्लादिमीरला दोन-तीन तास काढा. उस्पेन्स्की कॅथेड्रलमध्ये आंद्रेई रुब्ल्योव यानं १४०८ मध्ये रंगवलेली भित्तिचित्रं अजून आहेत, आणि ते स्थानकापासून चढावर असलं तरी जवळ आहे. पूर्ण दिवस हाताशी असेल तरच व्लादिमीरजवळच्या बोगोल्युबोवो गावाला जा. तिथून रेल्वे रुळांवरचा जिना चढून-उतरून आणि कुरणातून दीड किलोमीटर चालून नेर्लकाठचं पोक्रोव देऊळ लागतं. वसंतात पूर आला की पायवाट पाण्याखाली जाते आणि देऊळ बेटासारखं उभं राहतं. आईला तो जिना झेपला नसता, म्हणून आम्ही व्लादिमीरलाच थांबलो.

शेवटची लास्तोच्का पकडण्याआधी उरलेले सुट्टे रुबल स्थानकाबाहेर पिरोझ्कींवर खर्च करून टाका. कोबीची मागायची असेल तर शब्द आहे 'स कापुस्तोय'.